अपघात, अपराध आणि प्रायश्चित्त

२०२४ च्या उन्हाळ्यापासून ‘तीनशे शब्दांचा निबंध’ ही पुण्यात जवळजवळ म्हण होऊन बसली आहे. पैशाच्या जोरावर कोणी सुटला असे वाटले, की कट्ट्यावर हमखास कोणीतरी निबंधाची आठवण काढतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरून निघालेल्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले. दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले. मोटार चालवणाऱ्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने त्याला जामीन दिला आणि ज्या अटी घातल्या त्यांत अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिणे, पंधरा दिवस वाहतूक नियमनाच्या कामात मदत करणे आणि व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन घेणे यांचा समावेश होता.

पुढचे वाचकांना आठवत असेल. देशभर संताप उसळला, तीन दिवसांत मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली, जूनमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिल्यानंतर केलेली ही रवानगीच बेकायदा ठरवून त्याला सोडले. दरम्यान रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्य सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांना पदावरून दूर केले. मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली.

लोकांचा संताप रास्त होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. दोन घरांतली कर्ती मुले गेली त्याच दिवशी निबंधाची भाषा कानी पडावी, हे कोणालाही झोंबणारच. पण या संतापात एका चांगल्या कल्पनेचाही बळी गेला, असे मला वाटते. रस्त्यावर दुसऱ्याच्या मृत्यूला कारण झालेल्या माणसाला तुरुंगाऐवजी, किंवा तुरुंगाबरोबर, काही वेगळी शिक्षा देता येईल का, हा प्रश्न आता कोणी काढला तरी लोक हसतात. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. निबंध ही शिक्षा नव्हती. ती जामिनाची अट होती. अपराध अजून सिद्ध व्हायचा होता, साक्षी व्हायच्या होत्या. शिक्षा अपराध ठरल्यानंतर येते. येथे अपराध ठरण्याआधीच प्रायश्चित्तासारखे काहीतरी उरकून घेण्यात आले, तेही काही तासांत. सुधारणेची कल्पना बालन्यायाच्या कायद्याला परकी नाही. २०१५ च्या कायद्याचे कलम १८ अपराध सिद्ध झाल्यावर समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड येथपासून तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्यापर्यंतचे मार्ग देते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढांसारखा खटला चालवता येतो तो फक्त ‘अतिगंभीर’ अपराधांसाठी, म्हणजे ज्यांना किमान सात वर्षांची शिक्षा नेमून दिली आहे अशांसाठी. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये हाच अर्थ लावला. तो खटलाही दिल्लीतल्या एका मुलाने चालवलेल्या मोटारीखाली गेलेल्या माणसाचाच होता. तेव्हा कायदा फिरवला गेला असे सरसकट म्हणता येणार नाही. तारतम्य मात्र सुटले.

आता मोठ्यांच्या कायद्याकडे वळू. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून भारतीय दंड संहितेत आला तो १८७० साली, कलम ३०४-अ म्हणून. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे, किंवा दंड, किंवा दोन्ही. तेव्हा रस्त्यावर घोडागाड्या आणि बैलगाड्या होत्या. मोटार आली, ट्रक आला, द्रुतगती महामार्ग झाला, तरी दोन वर्षे ती दोन वर्षेच राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांवर नेली. अपघाताची वर्दी न देता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे पोटकलमही लिहिले गेले. पण जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या ट्रकचालकांनी संप केला आणि जुलैमध्ये बाकीची संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवले गेले. चालकांचे म्हणणे साधे होते: थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा मारतो. गंमत अशी, की जखमीला दवाखान्यात नेण्याचे बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नेच जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर चालकाला सूट दिली आहे. म्हणजे जमाव हातात काय घेऊन येतो हे कायद्यालाही ठाऊक आहे.

न्यायालयांचा कल काय? परिवीक्षेचा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा १९५८ पासून आहे. परंतु २००० साली दलबीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की रस्त्यावर माणूस मारणाऱ्या चालकाला हा लाभ देऊ नये, कारण वाहन चालवणाऱ्यांच्या मनात धाक राहिला पाहिजे. २०१५ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात, नुकसानभरपाई दिली म्हणून उच्च न्यायालयाने चोवीस दिवसांवर आणलेली कैद सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांवर नेली आणि कलम ३०४-अ ची शिक्षा वाढवण्याचा विचार करावा असे सरकारला सुचवले. धाकाचा हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. एवढी माणसे मरत असताना दयेची भाषा बोलणाऱ्याने जपून बोलावे.

पण हे सगळे मृत्यू एकाच जातीचे नाहीत. १२ नोव्हेंबर २००६ रोजी वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली, सात जण मेले. चालक दारू प्यायला होता. खालच्या न्यायालयाने सहा महिने दिले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सदोष मनुष्यवध ठरवला, तीन वर्षे दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. हे एक टोक. दुसरे टोक म्हणजे दिवसभर भाजीपाला भरून रात्रभर टेम्पो हाकणारा, मालकाच्या तगाद्यामुळे चहावर डोळे उघडे ठेवणारा माणूस, ज्याची पापणी एका क्षणी मिटते. पहिल्याने धोका पत्करला तो दुसऱ्यांच्या जिवावर, जाणूनबुजून. दुसऱ्याच्या हातून चूक झाली. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना या फरकाने काय मिळते, असे कोणी विचारील. तरीही शिक्षा ठरवताना हा फरक पाहावाच लागतो. आपल्या स्मृतिकारांनीही पाप जाणूनबुजून केले की नकळत घडले, हे पाहूनच प्रायश्चित्त सांगितले, आणि राजाचा दंड व पाप्याचे प्रायश्चित्त या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताची सविस्तर चर्चा केली आहे. जुन्यातली विषमता आपल्याला नको, पण हा विवेक घ्यायला हरकत नसावी.

आपल्याकडे पर्यायी शिक्षा झालीच नाही असे नाही. दिल्लीत १० जानेवारी १९९९ च्या पहाटे एका बीएमडब्ल्यू मोटारीने सहा जणांचा बळी घेतला, त्यांत तीन पोलीस होते. तेरा वर्षांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले, भोगून झालेली दोन वर्षांची कैद पुरेशी मानली आणि वर दोन गोष्टी सांगितल्या: पन्नास लाख रुपये भरायचे आणि दोन वर्षे समाजसेवा करायची. समाजसेवेचे तत्त्वज्ञान मांडणारा भाग त्या निकालपत्रात आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. पण लोकांच्या लक्षात राहिले ते पन्नास लाख. रक्कम आणि सेवा एका दमात सांगितली, की सेवा ही सवलतीसारखी दिसू लागते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दारू पिऊन मोटार चालवणाऱ्या एकाला जामीन देताना तीन महिने शनिवार-रविवारी वरळी नाक्याच्या सिग्नलला ‘दारू पिऊन गाडी चालवू नका’ असा फलक घेऊन उभे राहायला सांगितले. त्या प्रकरणात कोणाचा जीव गेला नव्हता, आणि लोकांनी तो आदेश मिटक्या मारीत वाचला. मला मात्र त्यात धिंड दिसली. फलक धरून उभ्या राहिलेल्या माणसाला लाज वाटते हे खरे, पण त्याच्या हातून कोणाचे काही भले होत नाही.

माझी हयात बँकेत गेली. नव्वदच्या दशकात मी पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. महामार्ग गावाला माणसे आणून द्यायचा तशी घेऊनही जायचा. अपघात दाव्याच्या न्यायाधिकरणाने मंजूर केलेली रक्कम विधवेच्या हातात एकदम पडून नातेवाइकांनी लुबाडू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सुसम्मा थॉमस खटल्यात मार्गदर्शन केले होते. त्यानुसार पैसे मुदत ठेवीत ठेवायचे, न्यायाधिकरणाच्या परवानगीवाचून कर्ज द्यायचे नाही, मुदतीआधी मोडायची नाही. ठेवीच्या पावतीवर आम्ही लाल शाईने तसा शेरा मारत असू. दर तिमाहीला व्याज काढायला त्या बाया यायच्या. बरोबर एखादे पोर, पदराच्या टोकाला बांधलेले पासबुक. काउंटरवरच्या कारकुनाला त्या नावाने माहीत नसायच्या, ‘ॲक्सिडेंटची ठेव’ एवढेच माहीत असायचे.

त्यांतल्या एका बाईने एकदा व्याजाचे पैसे मोजून घेतल्यावर मला विचारले, ‘‘सायेब, त्यो डायवर आत हाय का सुटला?’’ मला कसे ठाऊक असणार? मी तिला वकिलाला विचारायला सांगितले. ती म्हणाली, ‘‘वकील म्हनतो, तुजं काम झालं, पैसं मिळालं. त्येचं काय झालं त्ये सरकार बगंल.’’ नवऱ्याचा जीव घेणाऱ्याचे पुढे काय झाले, हे सांगायची जबाबदारी व्यवस्थेत कोणाचीच नव्हती. फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो, त्यात ती फार तर साक्षीदार. दिवाणी दावा तिचा, पण तिथे समोर उभी असते विमा कंपनी.

भरपाईचे गणित आजही जवळपास त्याच पद्धतीने होते, फक्त ते आता सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी एकसारखे झाले आहे. अठ्ठावीस वर्षांचा, महिना दहा हजार कमावणारा, स्वतःचा छोटा धंदा असलेला माणूस गेला आणि मागे बायको, मूल आणि आई राहिली असे धरा. पुढच्या वाढीचे चाळीस टक्के मिळवून महिना चौदा हजार, वर्षाचे एक लाख अडुसष्ट हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक-तृतीयांश वजा केला की एक लाख बारा हजार. वयानुसार गुणक सतरा. झाले एकोणीस लाख चार हजार, अधिक अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा. हिशेब चोख आहे, आणि असा हिशेब नसता तर बायकांच्या हातात काहीच पडले नसते. पण हे पैसे सहसा विमा कंपनी देते. ज्याच्या हातात सुकाणू होते त्याच्या खिशातून बहुधा एक रुपयाही जात नाही आणि ज्या घराचा त्याने आधार काढून घेतला त्या घराचा उंबराही त्याला दिसत नाही. तो तुरुंगात गेला तरी दिसत नाही, दंड भरून सुटला तरी दिसत नाही.

त्याच शाखेत एक जीपचालक खातेदार होता. त्याच्या जीपखाली शेजारच्या गावचा शाळकरी मुलगा गेला होता. खटला सात-आठ वर्षे चालला, शेवटी दंडावर निभावले. कायद्याच्या दृष्टीने तो मोकळा झाला, पण त्या गावावरून जाणारी फेरी त्याने पुन्हा कधी घेतली नाही, आठ किलोमीटरचा वळसा घालून जायचा. एकदा म्हणाला, ‘‘साहेब, त्याच्या बापाला एकदा भेटावं असं फार वाटतं. पण वकील म्हणायचा, केस चालू आहे, तोंड उघडू नको. आता केस संपली, तर कुठल्या तोंडानं जाऊ?’’ मी कादंबऱ्या लिहितो. अपराध घडल्यावर माणूस त्याचे काय करतो, हा माझ्या धंद्यातला प्रश्न आहे. या माणसाला शिक्षेची भीती नव्हती. काहीतरी फेडायचे होते, आणि फेडायला खिडकीच नव्हती.

ही खिडकी कायद्याने उघडावी, एवढेच माझे म्हणणे आहे. नव्या संहितेने समाजसेवा ही शिक्षा म्हणून प्रथमच मान्य केली, पण अब्रूनुकसानी, पाच हजारांखालची पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा अशा सहा किरकोळ गुन्ह्यांसाठी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही समाजसेवेची व्याख्या आली. कलम १०६ च्या वाट्याला मात्र ती आली नाही. ती यावी, पण अटींसह.

पहिली अट पात्रतेची. दारू प्यालेला, शर्यत लावणारा, परवाना नसलेला, जखमीला टाकून दवाखाना किंवा पोलीस ठाणे दोन्ही टाळणारा यांना हा मार्ग बंद असावा. वांद्रे आणि कल्याणीनगर यांसारख्या घटना या मार्गात बसत नाहीत. अल्पवयीनाच्या हाती मोटार देणाऱ्या पालकासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेचे कलम १९९-अ आधीच आहे, ते वापरावे. दुसरी अट क्रमाची: आधी भर न्यायालयात काय घडले ते कबूल करायचे किंवा अपराध सिद्ध व्हायचा, मगच सेवा. जामिनाच्या अटीत सेवा घुसडायची नाही. तिसरी अट मापाची. नेदरलँड्समध्ये अशा कामाच्या शिक्षेची कमाल मर्यादा २४० तास आहे. जीव गेला असेल तर मला तीही कमी वाटते. दोन वर्षे दर आठवड्याला एक पूर्ण दिवस, म्हणजे सुमारे शंभर दिवस, हे निदान जाणवण्याजोगे आहे. चौथी अट कामाच्या स्वरूपाची. हे काम सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात स्ट्रेचर ढकलण्याचे, हाडे मोडलेल्यांना व्यायामाला नेण्या-आणण्याचे, पाठीचा कणा गेलेल्यांची अंथरुणे बदलण्याचे असावे. मृत्यूबरोबर गंभीर दुखापतींचाही विचार यात आला पाहिजे, कारण वाचलेल्याची वर्षे मोजणे मेलेल्याच्या वर्षांपेक्षा सोपे नसते. पाचवी अट परवान्याची: सेवा चालू असेपर्यंत वाहनाला हात नाही. सहावी, भरपाईचे पैसे आणि सेवा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जादा पैसे देऊन दिवस कमी करता येणार नाहीत. हे कलम नसेल तर बाकीची पाच फाडून टाकावीत.

सर्वांत नाजूक प्रश्न मृताच्या घरच्यांचा. न्यूझीलंडमध्ये अपराध कबूल झाल्यावर शिक्षेपूर्वी अपराधी आणि पीडित यांची, दोघांची तयारी असेल तर, प्रशिक्षित माणसाच्या उपस्थितीत भेट घडवण्याची सोय आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडलेल्या प्रकरणांतही ती वापरली जाते. आपल्याकडे अशी सोय आणताना एक धोका उघड आहे. गावातली चार वजनदार माणसे विधवेच्या दारी येऊन ‘झाले गेले विसर, सही कर’ म्हणतील. म्हणून तिच्या माफीवर शिक्षा अवलंबून ठेवता कामा नये. तिला ऐकून घ्यावे, तिला कळवावे, ती नको म्हणाली तर त्या माणसाने तिच्यासमोर उभे राहू नये. पण ती विचारील तेव्हा ‘तो आज कुठे आहे आणि काय करतो आहे’ याचे उत्तर देणे न्यायालयाचे कर्तव्य असावे.

यावर दोन आक्षेप येतील. एक, धाक जाईल. माझे उत्तर असे, की आजही धाक कागदावरच आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो, साक्षीदार फुटतात, शेवटी दंड होतो आणि चालक त्याच आठवड्यात पुन्हा सुकाणूवर बसतो. दोन वर्षे दर रविवारी अपघात विभागात जाणारा माणूस गावाला आणि गॅरेजला रोज दिसतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: श्रीमंत माणूस खोटे प्रमाणपत्र आणून मोकळा होईल. हे होऊ शकते. ज्या देशात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप होतो तिथे हजेरीपट बदलायला कितीसा वेळ? म्हणून ही शिक्षा निकालपत्रातल्या वाक्यांपेक्षा तिच्या देखरेखीवर उभी राहील किंवा पडेल. बँकेत आम्ही शिकलो, की कर्ज मंजूर करणे सोपे, पाठपुरावा अवघड, आणि पाठपुराव्यावाचून दिलेले कर्ज बुडीतच धरावे. परिवीक्षा अधिकारी पुरेसे नेमले जाणार नसतील, त्यांनी दर महिन्याला अचानक तपासणी करून न्यायालयाला अहवाल द्यायचा नसेल, गैरहजेरी झाली की उरलेली शिक्षा तुरुंगात भोगावी लागणार नसेल, तर हा कायदा करूच नये. निबंधाची नवी आवृत्ती कोणालाच नको आहे.

तेव्हा सरकारकडे आणि विधी आयोगाकडे मागणी अशी, की कलम १०६ मध्ये वरील अटींसह समाजसेवेची तरतूद करावी, आणि ती करण्याआधी जिल्हावार परिवीक्षा अधिकाऱ्यांची पदे भरावीत. राज्याला सुरुवात करायला तर कायद्याचीही वाट पाहण्याची गरज नाही. अपघाताच्या फौजदारी खटल्याचा निकाल मृताच्या वारसाला लेखी, मराठीत, पंधरा दिवसांत कळवावा, एवढा एक आदेश सरकारने सरकारी वकिलांना द्यावा. टपालाच्या एका पाकिटाचा खर्च आहे.